चित्रातलं किडकं वांगं

पुंजाराम सोयरिका जुळवणारा माणूस. कुणाच्याही वाडीत गेला की आधी पाणी मागायचा, मग गुळाचा खडा मागायचा, मग हवापाण्याचं बोलायचा आणि सगळ्यात शेवटी मुद्द्यावर यायचा. त्या दिवशी मात्र तो मोर्णा नदीचं पात्र ओलांडून, बांधावरून न येता सरळ वांग्याच्या वाफ्यातून आला आणि म्हणाला,

"वहिनी, पानी नको. घात झाला."

सत्यभामा वांगी तोडत होती. माघाची सकाळ होती. पानांवरचं दंव अजून उठलं नव्हतं आणि एकेका झाडाखाली जांभळी वांगी लोंबत होती, जशा काही कुणी पाळण्याला लाकडी चिमण्या बांधाव्यात. तिनं हातातलं वांगं हळूच टोपल्यात ठेवलं.

"कोन गेलं?"

"कोनी गेलं नाई. सोयरिक गेली."

विहिरीवर तिचा नवरा नत्थुजी मोट हाकत होता. त्यानं बैल थांबवले. मोट अर्ध्यावर लटकली आणि तिच्यातलं पाणी परत विहिरीत गळायला लागलं. खोपटाच्या दारात त्यांची लेक शकुन सूप घेऊन बसली होती, तिच्या सुपातलं पाखडणं थांबलं.

शकुनची सोयरिक अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या फुलमाळ्यांकडे ठरली होती. मुलगा सहदेव. झेंडू-शेवंतीचे त्यांचे चार वाफे नव्हते, चांगला मोठा बगिचा होता. मुलाची आई मैनाबाई पारखी म्हणून पंचक्रोशीत माहीत होती. फूल घेतलं तर देठापासून पाहणार, सून घेतली तर आजीपासून. एवढं सगळं पाहून-पारखून तिनं होकार दिला होता. कुंकू लावायचा दिवस तेवढा राहिला होता.

"पन झालं काय?" सत्यभामा म्हणाली. "माह्या पोरीत खोट काहाडली का कोनं?"

"पोरीत नाई. तुमच्यात."

"माह्यात?"

"तुमच्या वांग्यात," पुंजाराम म्हणाला आणि मग त्याला पाणी लागलंच. तांब्याभर पाणी पिऊन त्यानं सगळं सांगितलं.

अमरावतीला एका मोठ्या हॉलात चित्रांचं सरकारी प्रदर्शन भरलं होतं. नागपूरहून पेट्या भरभरून चित्रं आली होती, मुंबईची आली होती, आणि वऱ्हाडातल्या ड्रॉइंग मास्तरांनाही भिंतीवर जागा मिळाली होती. दरवाजाच्या तोरणांचं काम मैनाबाईकडे होतं. तोरण बांधून झाल्यावर, आलोच आहोत तर पाहून जाऊ म्हणून ती आत गेली आणि तिसऱ्या भिंतीपाशी थबकली. भिंतीवर सत्यभामा बसली होती! पुढ्यात वांग्यांचं टोपलं. आणि टोपल्यात, अगदी वरच्या थरात, एका वांग्याला अळीचं भोक.

"मैनाबाई म्हनते," पुंजारामानं आवाज खाली आणला, "जे बाई गिऱ्हाइकाच्या टोपल्यात किडकं वांगं ठेवते, थे लग्नात आमच्या पदरात काय टाकीन?"

हे ऐकून सत्यभामेचा चेहरा असा झाला की पुंजाराम दोन पावलं मागे सरला. वीस वर्षं ती अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात बसत होती. वीस वर्षांत तिचं एक वांगं परत आलं नव्हतं. तिच्या वांग्याची रोपं न्यायला मूर्तिजापूरपासून लोक यायचे.

"तो मास्तर!" ती म्हणाली. "त्याची बोटं झडो!"

तो मास्तर म्हणजे देवीदास मास्तर. अमरावतीच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवायचे. कार्तिकात सुटीला अकोल्याला आले होते आणि लागोपाठ तीन बाजारांना चित्र टेकवायची लाकडाची तिकाटणी मांडून सत्यभामेसमोर उभे राहिले होते. "बाई, हलू नका," असं ते म्हणायचे आणि तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं. "बाई, थोडा वेळ बोलू नका," असं म्हणायचे आणि हे तर त्यांनी मोर्णेला वाहू नको म्हणण्यासारखंच होतं. बाजारातल्या बायांनी तिला चिडवून सोडलं होतं. "सत्यभामे, तुह्या फोटूले वांग्याचा वास येईन वं!" तिनंही मनातून फुलून जाऊन मास्तरांना तीनदा गरम भाकर खाऊ घातली होती.

"भाकर खाल्ली माह्यी," ती आता म्हणत होती, "आन् वांग्याले भोक पाडलं!"

नत्थुजी विहिरीवरून आला. हा माणूस दिवसाकाठी बैलांशी जेवढं बोले त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नसे.

"वांगं रंगाचं हाय न?" तो म्हणाला. "मंग?"

"मंग काय मंग? रंगाचं हाय म्हनूनच तं! खरं असतं तं उचलून फेकलं असतं. हे भिंतीवरचं रोज चार लोकं पाहून राह्यले. खरं वांगं दोन दिसांत सडते. हे सडते का?"

नत्थुजी परत विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता जात्याचा आवाज सुरू झाला आणि त्या घरघरीतून शकुनचा गळा आला. मायलेकीत जे तोंडावर बोलता येत नाही ते जात्यावर बोलावं, अशी जुनी रीत. जातं काही कुणाला उलटून बोलत नाही.

नांदगावाच्या वाटंनं । झेंडू फुलला दाटून ।
एका वांग्याच्या भोकानं । सुख गेलं गं आटून ।।

सत्यभामा अंथरुणात उठून बसली. तिनं शेजारच्या नत्थुजीला हलवलं.

"ऐकलं का?"

"हाव."

"पोट्टीचा जीव लागला हाय थ्या पोरावर."

"हाव."

"मंग उठा न! अमरावतीले जाऊ. मास्तरले म्हनू, खरवड थे भोक."

नत्थुजी उठला. बोलण्यापेक्षा जाणं त्याला केव्हाही सोपं वाटे.

निघताना सत्यभामेनं एक टोपलं वांगी सोबत घेतली. एकेक वांगं फडक्यानं पुसून, उजेडाकडे धरून, देठाखाली नखानं चाचपून. कशाला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं भांडायला जाणं तिला बरं वाटेना, एवढंच.

बडनेऱ्याला गाडी बदलली. अमरावतीच्या छोट्या गाडीत समोर एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "टोपलं कोनाले नेऊन राह्यली वं बाई?" सत्यभामेनं सगळी हकिकत सांगितली, आणि सांगता सांगता तिला भरून आलं. ती खिडकीबाहेर पाहत पुटपुटली,

वांगं जांभळं साजरं । देठ त्याचा गं काटेरी ।
लेक धाडू कशी सांगा । बोल घेऊन पदरी ।।

म्हातारीनं पदराला डोळे पुसले. "खरं हाय माय," ती म्हणाली. "पन दोन वांगे दे बरं. भोक नसन थे."

हॉलाच्या दारावर झेंडूचं तोरण होतं. सत्यभामेनं मान वर करून ते पाहिलं. ही फुलं नांदगाव पेठेची. तोरणाखाली लाल पट्टा लावलेला भगवंत चपराशी उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"टोपलं आत नेता येत नाई."

"काहून?"

"हुकूम हाय. खायाच्या वस्तू आत न्यायच्या नाईत."

"आन् आत भिंतीवर वांगे लावले थे?"

"थे चित्रातले हाय."

"मंग चित्रातल्या किडक्या वांग्याले आत जागा, आन् माह्ये साजरे वांगे उन्हात? वा रे तुह्या सरकार!"

भगवंताला नोकरीत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं मऊ होऊन टोपलं दाराआड सावलीत ठेवून घेतलं आणि वर एक ओलं फडकंही टाकलं. "जाजा मावशी," तो म्हणाला, "पन कशाले हात लावू नका. साहेब लोकं लय बोलते."

आत गार होतं. भिंतीच्या भिंती चित्रांनी भरल्या होत्या आणि लोक देवळात चालतात तसे हळू चालत होते, फक्त पायात जोडे घालून. सत्यभामेनं आपल्या वहाणा दाराशीच काढल्या होत्या. पहिलं चित्र होतं विलायतेतल्या एका तळ्याचं. मैलभर पाणी, काठाला गवत, वर ढग. नत्थुजी त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिला.

"एवढं पानी," तो शेवटी म्हणाला, "आन् एक मोट नाई."

दुसऱ्या चित्रात एका ताटात सफरचंदं होती, द्राक्षांचा घोस होता आणि त्यांच्या शेजारी मान टाकलेला ससा. सत्यभामा म्हणाली, "फळाच्या बाजूले मेलेलं जनावर कोन ठेवते वं माय? गिऱ्हाईक उभं तरी राहीन का?" पलीकडे एका राजाचं चित्र होतं, अंगभर मोती आणि डोळे पेंगुळलेले. "याले झोपू द्या बापा," ती म्हणाली आणि पुढं गेली.

मग तिसरी भिंत आली.

सत्यभामा थांबली. तिनं आपलं तोंड आजवर पाहिलं होतं ते पाण्यात किंवा हातातल्या आरशात, एका वेळी एक गाल. अशी सबंध, कपाळापासून पायाच्या जोडव्यांपर्यंत, ती स्वतःला पहिल्यांदाच भेटत होती. निळं लुगडं. खांद्यावर उन्हाचा एक कवडसा, जसा काही कुणी मायेनं हात ठेवावा. हातांवर वांग्याच्या काट्यांचे बारीक ओरखडे, तेसुद्धा मास्तरांनी सोडले नव्हते. बाई थकली होती, पण ताठ बसली होती. सत्यभामेला वाटलं, या बाईला आपण बाजारात पाहिलं असतं तर हिच्याकडूनच भाजी घेतली असती.

"तू नाई वाटत," नत्थुजी म्हणाला.

"काहून?"

"तोंड मिटलं हाय."

तेवढ्यात तिची नजर टोपल्यावर गेली आणि माया आटली. भोक होतं. वरच्याच थरात, देठाजवळ, काळं, गोल, कडेला अळीच्या भुशासकट. अळी शिरली तेव्हा मास्तर शेजारी दिवा घेऊन उभे असल्यासारखं हुबेहूब.

चित्रासमोर काळ्या कोटातले एक वकील आपल्या मित्राला समजावून सांगत होते. "नाव पाहा, 'विचारमग्न माळीण'. आणि ही नजर पाहा! समोर गिऱ्हाईक नाही, मालाकडे लक्ष नाही. कुठंतरी खाली, दूर, शून्यात. गरिबाघरची बाई, पण भविष्याचा वेध घेते आहे."

"हो ना," मित्र म्हणाला. "आणि ते किडकं वांगं म्हणजे नियती."

"नियती कोन?" सत्यभामेनं विचारलं. "थे बी भाजी इकते का?"

दोघांनी वळून पाहिलं. एकदा तिच्याकडे, एकदा चित्राकडे. मग वकिलांनी टोपी काढली, का ते त्यांनाही कळलं नाही.

एवढ्यात देवीदास मास्तरच आले. किडकिडीत माणूस, कोटाच्या बाहीला रंग. परीक्षक शनिवारी येणार होते, म्हणून मास्तर रोज शाळा सुटली की येऊन आपल्या चित्राखाली घुटमळत. सत्यभामेला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! बाई, तुम्ही आलात! कसं वाटलं?"

"भोक काहाडा," सत्यभामा म्हणाली.

"काय?"

"वांग्याचं भोक. काहाडा. आता."

मास्तरांनी हसून पाहिलं, मग हसणं बंद केलं. "बाई, सगळ्या चित्रात जीव आहे तो त्या भोकात. गुळगुळीत वांगी कोणीही काढतो. मातीची खेळणी रंगवतात तशी. हे पाहून माणूस म्हणतो, खरं आहे."

"माह्या पोरीची सोयरिक मोडून राह्यली थ्या खऱ्यापायी!" तिनं मैनाबाईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ऐकता ऐकता हॉलातली माणसं गोळा झाली. दोन बाया पदर सावरत पुढं आल्या. भगवंत चपराशीही दार सोडून आत आला.

मास्तरांचा चेहरा पडला. पण ते प्रामाणिक होते आणि प्रामाणिक माणसाचा हट्ट मोठा असतो. "मला वाईट वाटतं, बाई. पण मी खोटं काही काढलेलं नाही. ते वांगं तिथं होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठं होतं?"

"तुमच्यासमोर."

"समोर कुठं? टोपल्यात?"

मास्तर कोटाची बाही चाचपू लागले.

"बोला न मास्तर. माह्यी भाकर खाल्ली तुमी. टोपल्यात होतं?"

"टोपल्यात नाही..." मास्तरांनी डोळे मिटून आठवलं. "तुमच्या डाव्या गुडघ्यापाशी होतं. जमिनीवर, लुगड्याच्या काठावर. पण तिथं ते एकटंच पडल्यासारखं दिसत होतं. चित्राचा तोल जात होता. म्हणून मी फक्त... उचलून टोपल्यात घेतलं. इतकंच. एक वीतभर."

"एक ईत!" सत्यभामेनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मास्तर, थ्या एका ईतीत माह्ये वीस वर्स हाय! चांगलं हाय थे टोपल्यात, गिऱ्हाइकाचं. किडकं निंगालं थे गुडघ्यापाशी, घरचं. रोज सकाळी टोपलं मांडलं का मी एकेक पाहाते, आन् भोकाचं काहाडून बाजूले ठेवते. सांजच्याले थेच घरी नेते, थेच शिजवते. आमच्या घरात साजरं वांगं कोनी खाल्लंच नाई. पोट्टीले इचारा. तिले वाटे, वांग्याले भोक असतेच."

"हाव, खरं हाय," पुढं आलेल्या बायांपैकी एक म्हणाली. "आमच्यात बी तसंच. इकाचं चांगलं, खायाचं किडकं."

"माह्यी माय संत्र्याचं असंच करे," भगवंत म्हणाला. "चांगलं संत्रं मी नोकरी लागल्यावर पाह्यलं."

"पण बाई," वकील मध्ये पडले, "कलेच्या दृष्टीनं पाहिलं तर ही जी दूर भविष्याकडे लागलेली नजर आहे..."

"कायचं भविष्य, वकीलसाहेब? मी थ्या वांग्याकडे पाहून राह्यली होती! बाजाराच्या गर्दीत कोनं चुकून उचललं आन् झोळीत टाकलं तं? म्हनून एक डोळा गिऱ्हाइकावर, एक डोळा थ्याच्यावर."

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या बाईची नजर खरोखरच डाव्या गुडघ्यापाशी लागली होती आणि तिथं, जिथं ती पाहत होती, तिथं काहीच नव्हतं. रिकामी जमीन.

देवीदास मास्तर चित्राच्या अगदी जवळ गेले. मग मागे सरले. मग पुन्हा जवळ गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी नजर बरोबर काढली," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि नजरेत होतं ते उचलून दुसरीकडे ठेवलं. कार्तिकापासून मी हिच्याकडे पाहतोय आणि मला वाटायचं, काहीतरी चुकतंय, काहीतरी चुकतंय..." ते गर्रकन वळले. "भगवंता! मागच्या खोलीतून माझी रंगपेटी आण."

"साहेबाले इचाराव लागते..."

"परीक्षक येईपर्यंत चित्रकाराला आपल्या चित्रावर हात फिरवता येतो. नियमच आहे. आण!"

चित्र खाली उतरवून खिडकीच्या उजेडात ठेवलं. मास्तरांनी तबकडीवर जांभळा कालवला आणि कुंचला टोपल्यातल्या भोकाकडे नेला. सत्यभामेनं त्यांचं मनगट धरलं.

"हे काय करून राह्यले?"

"भोक बुजवतोय."

"भोक बुजवून किडकं वांगं टोपल्यातच ठेवता? मास्तर, हे तं दुप्पट लबाडी झाली! वरून साजरं, आत अळी. नाई नाई. अख्खं वांगं काहाडा थे."

"पण मग तिथं खड्डा पडेल."

"सांबाराची जुडी ठेवा न. वांग्यावर सांबार मी तसंबी फुकटच देत असते."

मास्तरांनी मान हलवली. सुरीनं वांगं खरवडलं, तिथं कोथिंबिरीची हिरवी जुडी काढली, आणि सगळे म्हणाले, वा, हिरव्यानं उठाव आला. मग ते गुडघ्यापाशी आले. सत्यभामा त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. "देठ सुकलेला पायजे. थोडं आडवं. भोक वरच्या अंगाले, मास्तर, अळी खालून नाई शिरत." शाळेतल्या मुलांनी जितकं ऐकायला हवं होतं आणि कधीच ऐकलं नव्हतं, तितकं मास्तर त्या घडीला ऐकत होते.

वांगं गुडघ्यापाशी आलं. आणि एक गंमत झाली. चित्रातली बाई इतके दिवस नुसतीच बसली होती, ती आता कामावर लागली. तिची नजर कुठंतरी जाऊन पोचली. वकिलांचा मित्र म्हणाला, "आता नियती नाही राहिली." वकील म्हणाले, "नसू दे."

चित्र परत भिंतीवर चढतंय तोच दारातून आवाज आला.

"तोरन बदलाले आलो. चपराशी कुठं मेला?"

मैनाबाई! मागोमाग झेंडूच्या माळांची पाटी घेतलेला पुंजाराम. सोयरिक नाही तर नाही, तो माळाही वाहायचा. मैनाबाईनं आत पाहिलं. सत्यभामा दिसली. तिच्याकडे न पाहता ती सरळ चित्रासमोर गेली. तिनं टोपलं पाहिलं. सांबाराची जुडी पाहिली. मग नजर उतरत उतरत गुडघ्यापाशी आली.

तिथं ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. सत्यभामेला वाटलं, माघ संपून फागुन लागला. नत्थुजीनं तिच्या पाठीला हळूच हात लावला.

मैनाबाईनं बोलायच्या आधी हात पुढं केला आणि कुठल्याही बाजारात कुठलंही वांगं पाहून जे तिच्या हातून आपोआप घडायचं, तेच घडलं. तिनं ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"अहो बाई! ओलं आहे!" मास्तर किंचाळले.

मैनाबाईनं हात मागे घेतला. अंगठा जांभळा झाला होता. वांग्यावर तिच्या अंगठ्याची चपटी खूण उमटली होती. भगवंतानं डोळे मिटले. कशाला हात लावू नका, हा हुकूम त्याच्या नोकरीत इतका ठसठशीत कधी मोडला नव्हता. मास्तर कुंचला घेऊन धावले, तेव्हा सत्यभामेनं त्यांना अडवलं.

"राहू द्या मास्तर. बाजारातलं वांगं हाय. कोनं ना कोनं दाबनारच."

मैनाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"हे बाजूले काहाडलेलं हाय का?" तिनं विचारलं.

"हाव."

"कोनासाठी?"

"घरासाठी. आमच्यासाठी."

"मंग परवा टोपल्यात कसं होतं?"

सत्यभामा काही म्हणायच्या आत देवीदास मास्तर पुढं झाले. "माझी चूक, बाई. यांनी बाजूला ठेवलं होतं. टोपल्यात मी टाकलं. या पाहत होत्या, मला दिसलं नाही." ते पुढं म्हणाले, "मी चित्रं काढतो, पण भाजी कधी विकली नाही."

मैनाबाईनं त्यांना वरून खाली न्याहाळलं, बाहीच्या रंगासकट. "दिसते," ती म्हणाली. मग सत्यभामेकडे वळली. आवाज तसाच करडा, पण प्रश्न वेगळा होता.

"अशा वांग्याचं काय करता तुमी? भरीत?"

"भरताले कसं होईन, अळी भाजली जाईन न आत. चिरून पाहाते. भोकाकडचं काहाडून टाकते, उरलेलं तेलात. तिखट जरा जास्त टाकते."

"खार टाकत नाई?"

"खार कायले?"

"मी मिठाचा खार करून थ्या पान्यात घडीभर ठेवते. अळी असन थे बाहेर येते." मैनाबाईनं आजूबाजूला पाहिलं, साहेब लोक ऐकत नाहीत ना असं, आणि आवाज बारीक केला. "आमच्या घरी बी देवाले साजरं फूल जाते, आन् माह्या केसात थे, जे कोनी घेत नाई. वीस वर्स झाले. सहदेवाच्या बाबांले अजून मालूम नाई."

"नसतेच मालूम," सत्यभामा म्हणाली. "यायलेबी नाई. यायले वाटते, वांगं गोड लागते म्हनून मी थेच शिजवते."

दोघींनी एकदम नत्थुजीकडे पाहिलं. नत्थुजी विलायतेच्या तळ्याकडे पाहू लागला. मग दोघी हसल्या. आधी मैनाबाई, नाकातून, जणू चुकून. मग सत्यभामा, बाजारातल्यासारखी मोठ्यानं. हॉलातले लोक देवळात हसावं तसे दबकून हसले. पुंजारामानं संधी ओळखली. तो या धंद्यात उगाच म्हातारा झाला नव्हता.

"मंग कुंकवाचा दिवस..."

"थांब जरा," मैनाबाई म्हणाली. तिनं जांभळा अंगठा पदराला पुसला. तो निघाला नाही, पदरही जांभळा झाला. "वांगे आनले हाय का सोबत? खरे?"

दाराआडून भगवंतानं टोपलं काढून दिलं. ओल्या फडक्याखाली वांगी तजेलदार होती. मैनाबाईनं एकेक उचललं, उजेडाकडे धरलं, दाबलं, देठाखाली पाहिलं. सारं टोपलं पाहून झालं. मग तिनं चार वांगी निवडून आपल्या पाटीत, झेंडूच्या माळांवर ठेवली.

"वैशाखात येतो वरात घेऊन," ती म्हणाली. "मांडवाले झेंडू आमचा."

"आन् पंगतीची भाजी आमची," सत्यभामा म्हणाली.

"हाव. पन मी दाबून पाहीन."

"पाहा न, इहीनबाई," सत्यभामा म्हणाली. "आधी अंगठा धुवून येजा म्हंजे झालं."